हरणांची शिंगं कधी गळतात आणि ती शोधायला कधी निघावं

धडधाकट नर हरणाच्या डोक्यावरून पुरी वाढलेली शिंगजोडी एके दिवशी गळून पडते. पुढच्या चार-पाच महिन्यांत त्याच जागी नवी जोडी उगवते, आणि बहुतेक वेळा ती आधीच्यापेक्षा मोठी असते. हाडाचा इतका मोठा अवयव दरवर्षी टाकून पुन्हा नव्याने वाढवण्याची क्षमता सस्तन प्राण्यांमध्ये फक्त हरणांच्या कुळात आहे. उत्तर अमेरिकेत हिवाळा सरत आला की अशी गळालेली शिंगं शोधत हजारो लोक रानोमाळ फिरतात, कोणी छंद म्हणून, कोणी विकण्यासाठी. शिंग कुठे शोधायचं हे त्यातले बरेच जण लवकर शिकतात. कधी शोधायचं हे मात्र हरणाच्या शरीरात काय चाललंय ते कळल्याशिवाय उमगत नाही, आणि या छंदात जे बिघडतं त्यातलं निम्म्याहून जास्त घाईमुळे बिघडतं. म्हणून आधी शिंग समजून घेऊ आणि मग रानात जाऊ.

कोणाची गळतात, कोणाची नाही

काळवीट, चिंकारा, नीलगाय आणि चौसिंगा हे गाय-बकरीच्या कुळातले प्राणी. त्यांच्या शिंगात आत हाडाचा गाभा असतो आणि त्यावर केराटिनचं आवरण असतं. आपली नखंही केराटिनचीच. हे शिंग जन्मभर टिकतं, गळत नाही. काळविटाचं अख्खं शिंग जमिनीवर पडलेलं दिसलं, तर प्राणी मेला आहे किंवा शिंग मोडलं आहे असंच समजायचं. चितळ, सांबर, बाराशिंगा, भेकर, अमेरिकेतले व्हाइटटेल, म्यूल डिअर, एल्क आणि मूस यांचं शिंग मात्र आरपार हाडाचं, भरीव असतं, आणि तेच दरवर्षी गळतं. उत्तर अमेरिकेतला प्राँगहॉर्न या दोन्हींच्या मधला. त्याच्या शिंगातलं हाड कायम राहतं, वरचं आवरण तेवढं दरवर्षी गळतं.

हरणांमध्ये शिंगं नरालाच येतात. अपवाद एकच, कॅरिबू म्हणजेच रेनडिअर. त्यांच्या मादीलाही शिंगं असतात.

वर्षभर डोक्यावर काय चालतं

व्हाइटटेलचं उदाहरण घेऊ, कारण या प्राण्याचा अभ्यास खूप झाला आहे. कपाळाच्या हाडावर दोन आखूड खुंट असतात. ते कायमचे, शिंग उगवतं ते त्यांच्यावर. वसंतात, साधारण एप्रिलच्या सुमारास, खुंटाच्या टोकावर मऊ गोळा दिसू लागतो. त्यावर केसाळ, उबदार त्वचा असते, तिला मखमल म्हणतात. मखमलीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू भरपूर असतात. आत आधी कूर्चा तयार होते आणि मागाहून तिच्यात खनिजं साठत तिचं हाड होतं. जून-जुलैत वाढ जोरात असते. या दिवसांत व्हाइटटेलचं शिंग रोज अर्धा सेंटिमीटर किंवा थोडं जास्तच वाढतं. मोठ्या एल्कचं तर ऐन भरात दिवसाला दोन सेंटिमीटरच्या पुढे जातं. इतकं कॅल्शियम आणि फॉस्फरस रोजच्या चाऱ्यातून पुरत नाही, म्हणून हरणाचं शरीर फासळ्यांसारख्या हाडांतून ते उसनं घेतं आणि नंतर भरून काढतं.

उन्हाळा उतरणीला लागला आणि दिवस लहान होऊ लागले की टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन चढतं. शिंग कडक होतं, मखमलीचा रक्तपुरवठा बंद पडतो, आणि ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुमारास नर झाडाझुडपांवर शिंग घासून ती काढून टाकतो. बहुतेक वेळा हे काम एका दिवसात उरकतं. त्यानंतर डोक्यावर राहतं ते निव्वळ मेलेलं हाड. त्याला संवेदना नाही आणि वाढही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या माजात नर याच हाडांनी एकमेकांना भिडतात.

माज ओसरला की टेस्टोस्टेरॉन उतरतं. शिंग आणि खुंट यांच्या सांध्याशी ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जिवंत बाजूचं हाड विरघळवू लागतात. हा बदल फार झपाट्याने होतो. ज्या शिंगाला धरून अख्खं हरीण ओढता आलं असतं, तेच शिंग थोड्याच दिवसांत कुंपणावरून उडी मारतानाच्या हिसक्याने सुटून पडतं. दोन्ही बाजू एकाच क्षणी सुटतील असं नाही. कधी मिनिटांचा फरक पडतो, तर कधी काही दिवसांचा. खुंटावर ओली जखम राहते, थोडं रक्त येतं, खपली धरते, आणि काही आठवड्यांत कातडी वरून मिटते. खपलीखालीच पुढच्या शिंगाची तयारी सुरू होते.

हे सगळं हार्मोनवर चालतं याचा पुरावा पाळीव हरणांत दिसतो. कडक शिंगं असलेल्या नराचं खच्चीकरण केलं, तर काही आठवड्यांत शिंगं गळतात. मखमल असताना केलं, तर मखमल तशीच राहते आणि शिंग कधीच पक्कं होत नाही. हार्मोनचं वेळापत्रक ठरतं दिवसाच्या लांबीवर. युरोपातली रेड डिअर न्यूझीलंडला नेली तेव्हा त्यांचं सगळं चक्र सहा महिन्यांनी सरकलं, आणि आता तिथे शिंगं ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास गळतात.

कोणाचं कधी

व्हाइटटेल डिसेंबरअखेर ते मार्च, जास्त करून जानेवारी-फेब्रुवारी. म्यूल डिअर जानेवारी ते मार्च, काही एप्रिलपर्यंत. मूसमध्ये मोठे नर आधी, डिसेंबरच्या आसपास मोकळे होतात, तरुण नर मागाहून. एल्क बरेच उशिरा. मोठे नर मार्चमध्ये आणि लहान नर एप्रिलमध्ये, क्वचित मे उजाडेपर्यंत. कॅरिबूचे मोठे नर माज संपताच, हिवाळ्याच्या तोंडावर शिंगं टाकतात. गाभण माद्या मात्र ती वसंतात पिल्लं होईपर्यंत ठेवतात, म्हणून ऐन हिवाळ्यात बर्फ उकरून मिळवलेल्या चाऱ्यावरून नराला हटवणं मादीला जमतं. युरोपातलं रो डिअर हे वेळापत्रक पाळतच नाही. त्याचा माज जुलै-ऑगस्टमध्ये असतो, शिंगं ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये गळतात आणि नवी भर थंडीत वाढतात.

एकाच रानात दोन नरांमध्ये महिना-दीड महिन्याचा फरक सहज पडतो. जखमी, आजारी किंवा उपाशी नर लवकर शिंग टाकतो. उशिरापर्यंत माजावर येणाऱ्या माद्या आसपास असतील, तर नराचं टेस्टोस्टेरॉन टिकतं आणि शिंगंही टिकतात. तोच नर दरवर्षी साधारण त्याच पंधरवड्यात शिंगं टाकतो, त्यामुळे एखाद्या नरावर दोन-तीन वर्षं नजर ठेवली असेल तर अंदाज बराच नेमका येतो.

निघायचं कधी

पहिलं शिंग पडल्याची खबर मिळताच निघणं ही नेहमीची चूक. त्या वेळी निम्म्याहून अधिक नरांच्या डोक्यावर शिंगं असतात. तुमच्या वासाने आणि हालचालीने हरणं बिचकतात, दुसऱ्या रानात जातात आणि उरलेली शिंगं तिथेच टाकतात. म्हणजे शोधणाऱ्याचंच नुकसान. हरणाचं नुकसान त्याहून मोठं. हिवाळ्याच्या शेवटी शरीरातली चरबी संपत आलेली असते, चारा निकृष्ट असतो, आणि खोल बर्फातून दोन-तीनदा उधळावं लागलं तरी ती ऊर्जा भरून निघत नाही. गाभण माद्यांवर हा ताण सर्वांत जड पडतो.

म्हणून आधी लांबून पाहावं. संध्याकाळी शेताच्या कडेला चरायला आलेल्या कळपावर दुर्बीण लावायची किंवा वाटेवर ट्रेल कॅमेरा, म्हणजे हालचाल होताच आपोआप फोटो घेणारा कॅमेरा, बांधायचा. शिंग टाकलेला नर आणि मादी यांत गोंधळ होतो. नराच्या कपाळावर दोन्ही बाजूंना खपलीचे गडद ठिपके दिसतात. दिसणाऱ्या नरांपैकी जवळपास सगळे बोडके झाले की मगच पायी फिरायचं. व्हाइटटेलच्या थंड प्रदेशात ही वेळ बहुधा मार्चमध्ये येते. बर्फ वितळलेला असतो, जुनं गवत दबून जमिनीला टेकलेलं असतं आणि नवं उगवलेलं नसतं. फार उशीर करूनही चालत नाही. एकदा हिरवळ गुडघ्यापर्यंत आली की शिंग दिसत नाही, आणि तोवर उंदीर, खारी आणि साळिंदरं खनिजांसाठी ते कुरतडू लागलेली असतात. दमट जंगलात शिंग एक-दोन वर्षांत ओळखू येऊ नये इतकं झिजतं, कोरड्या डोंगराळ भागात मात्र बरीच वर्षं टिकतं.

कुठे आणि कसं

हिवाळ्यात हरणाचा बहुतेक वेळ चरण्यात किंवा बसून रवंथ करण्यात जातो. त्यामुळे शिंगंही याच दोन जागी आणि त्यांना जोडणाऱ्या वाटेवर पडतात. चरण्याची जागा म्हणजे कापणी झालेली मका-सोयाबीनची शेतं, घासाची कुरणं. बसण्याची जागा म्हणजे वारा अडवणारी दाट सूचिपर्णी झाडी आणि दक्षिणेकडे तोंड केलेले उतार. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातलं ऊन दक्षिण उतारावर जास्त वेळ पडतं, बर्फ आधी वितळतो आणि हरणं तिथे ऊन खात बसतात. बसलेल्या जागी पालापाचोळा लंबगोल दबलेला असतो, आजूबाजूला ताज्या लेंड्या असतात. अशी एक जागा सापडली की आसपासच्या सगळ्याच पाहायच्या, कारण कळप एकत्र बसतो.

हिसका बसेल अशी प्रत्येक जागा नीट तपासावी. कुंपण, नाला, ओढ्याचा उंच काठ, आडवं पडलेलं झाड. कुंपणाशी दोन्ही बाजूंना दहा-बारा पावलांपर्यंत पाहायचं, कारण शिंग बहुधा पलीकडे खूर टेकताना बसणाऱ्या हिसक्याने सुटतं.

चालण्याचा वेग हा खरा मुद्दा आहे. वाटेने सरळ चालत गेलं की माणूस दूर बघतो आणि पायाशी पडलेलं चुकवतो. जागा पट्ट्यांत वाटून घ्यायची. झाडीत दोन पट्ट्यांमध्ये पाच-सहा मीटर, मोकळ्या शेतात पंधरा-वीस मीटर. दहा-बारा पावलं टाकायची, थांबायचं, डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची, पुन्हा पुढे. तोच पट्टा उलट दिशेने एकदा चालावा, कारण गवताच्या झुपक्यामागे पडलेलं शिंग एकाच बाजूने दिसतं. अख्ख्या शिंगाचा शोध घेऊ नका. तुम्हाला दिसणार असतं एखादं पांढुरकं टोक, गवतातून वर आलेली एखादी गोलाई, किंवा काडीपेक्षा जरा जास्त तुळतुळीत काहीतरी. प्रकाशही महत्त्वाचा. कडक उन्हात प्रत्येक वाळकी काडी चकाकते आणि सावल्या गोंधळात टाकतात. ढगाळ दिवशी, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, ओला पाचोळा गडद दिसतो आणि शिंग त्यावर उठून दिसतं. एल्कच्या मोकळ्या डोंगरउतारांवर पद्धत वेगळी. समोरच्या टेकडीवर बसून दुर्बिणीने उतार वाचायचा, शिंग दिसलं की मगच चढायचं. उगाच भटकंती टळते आणि प्राणीही बिचकत नाहीत.

एक शिंग मिळालं की जोडीदार शोधायचा. आधी हातातलं डावं की उजवं ते ठरवा. बूड स्वतःकडे, मुख्य फांदीचं टोक समोर आणि काटे, म्हणजे तिच्यावरून निघालेली टोकं, वर असं धरा. मुख्य फांदीचा फुगवटा डावीकडे असेल तर ते डावं शिंग. सापडलेल्या जागेची जीपीएसवर खूण करा आणि तिथून वर्तुळं वाढवत शंभरेक मीटरपर्यंत जा. तेवढ्यात मिळालं नाही, तर ती हरणं ज्या वाटेने जातात तिच्यावर पुढे आणि मागे शोधा.

शिंग वाचायचं कसं

हातात घेतल्यावर सगळ्यात आधी बूड पाहा. कडेने खडबडीत कडं, त्याच्या बाहेरच्या बाजूला मणी मणी, आणि मधोमध खरखरीत, किंचित फुगीर तबकडी. सुटलेला सांधा तो हाच. तबकडीवर लालसर डाग असेल आणि शिंग तपकिरी असेल, तर ते नुकतंच पडलेलं आहे. पांढरं पडलेलं, बारीक उभ्या भेगांचं शिंग किमान एक उन्हाळा पाहून झालेलं. हिरवट शेवाळ चढलं असेल तर त्याहून जुनं. बुडाशी कवटीच्या हाडाचा तुकडा चिकटून आला असेल, तर ते चांगलं लक्षण नाही. खुंटाशी किंवा मेंदूजवळ जंतुसंसर्ग झालेल्या नराचं शिंग असं हाडासकट सुटतं.

काटे मोजून वय सांगता येतं हा समज चुकीचा आहे. शिंगाचा आकार वय, आहार आणि आनुवंशिकता या तिन्हींवर अवलंबून असतो. व्हाइटटेलची शिंगं साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात सर्वांत भारदस्त असतात, म्हातारपणी पुन्हा खुरटतात. मागच्या पायाला मोठी इजा झाली की पुष्कळदा विरुद्ध बाजूचं शिंग वेडंवाकडं येतं. खुंटालाच मार बसला असेल तर बिघाड त्याच बाजूला येतो आणि वर्षानुवर्षं राहतो.

काय करू नये

मक्याच्या ढिगाभोवती तारेची जाळी लावून सैल शिंगं अडकवण्याची एक पद्धत आहे. ती पूर्ण वाईट आहे. शिंग अजून पक्कं असलेला नर तारेत अडकतो आणि झटापटीत मान मोडून किंवा दमून मरतो. शिवाय हिवाळाभर काटक्या-साली खाणाऱ्या हरणाच्या पोटातले जिवाणू अचानक मिळालेल्या धान्याला तयार नसतात. पोटात आम्ल वाढून ॲसिडोसिस होतो आणि भरल्या पोटी हरीण दगावतं. एकाच ढिगावर तोंडं घातल्याने क्रॉनिक वेस्टिंग डिसीजसारखे (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा आजार) रोगही पसरतात.

कुत्र्याला शिंग शोधायला शिकवता येतं, लॅब्रॅडोर यात पटाईत असतात. सुरुवातीला टोकं कापून गुळगुळीत केलेलं किंवा रबरी शिंग द्यावं. पहिल्याच खेपेला टोक हिरडीत घुसलं तर कुत्रा पुन्हा तोंड लावत नाही. शिंग हातमोजे घालून ठेवावं, नाहीतर कुत्रा शिंगाचा नव्हे, तुमचा वास शोधायला शिकतो. हरणामागे धावणारा कुत्रा मात्र रानात नेऊच नये.

घरी आणलेलं शिंग पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावं. उकळू नये, क्लोरीनच्या ब्लीचमध्ये टाकू नये, त्याने हाड ठिसूळ होतं. कापताना मास्क लावावा, हाडाची भुकटी फुप्फुसाला वाईट. कुत्र्यांना चघळायला शिंगाचे तुकडे देतात, पण त्यावर दाढा तडकतात.

नियम

अमेरिकेत खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते. ट्रॅक्टरच्या टायरात शिंग घुसलं तर मोठा खर्च होतो, त्यामुळे बरेच शेतकरी आनंदाने होकार देतात. राष्ट्रीय उद्यानांतून, उदाहरणार्थ यलोस्टोनमधून, शिंग उचलणं गुन्हा आहे. सरकारी जमिनींचे नियम राज्यागणिक बदलतात. कोलोराडोत आंतरराज्य महामार्ग २५च्या पश्चिमेकडच्या सरकारी जमिनींवर १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंगं गोळा करायला बंदी असते. वायोमिंगच्या पश्चिम भागातही १ मेपर्यंत थांबावं लागतं, आणि २०२४ पासून बाहेरच्या राज्यांतल्या लोकांना त्याहून एक आठवडा जास्त. २०२२-२३च्या कडक हिवाळ्यात युटाने तर संपूर्ण राज्यात एप्रिलअखेरपर्यंत बंदी घातली होती. कवटीला चिकटलेली शिंगजोडी सापडली, तर हात लावण्याआधी वन्यजीव खात्याला कळवावं. तो प्राणी शिकारीत मारलेला असू शकतो आणि बऱ्याच राज्यांत अशा जोडीला वेगळी परवानगी लागते.

वायोमिंगच्या जॅक्सन गावाजवळ १९१२ साली स्थापन झालेलं नॅशनल एल्क रेफ्यूज हे एल्कचं सरकारी अभयारण्य आहे. तिथे सामान्य माणसाला शिंग उचलता येत नाही. १९६८ पासून बॉय स्काउट्सची मुलं ती गोळा करतात, दर मे महिन्यात गावात लिलाव होतो, आणि पैशाचा मोठा हिस्सा एल्कच्या अधिवासासाठी परत जातो. शिंगांचा व्यवहार प्राण्याच्या उपयोगी पडावा याचं इतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल.

भारतात

हा छंद भारतात करता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली वन्यप्राण्याचं शिंग बाळगणं, विकणं, विकत घेणं यावर बंदी आहे, आणि 'आपोआप गळालेलं होतं' हा बचाव चालत नाही. त्याला कारण आहे. गळालेलं शिंग आणि मारलेल्या नराचं कापलेलं शिंग बाजारात एकत्र मिसळलं की वेगळं काढता येत नाही. गळालेल्या शिंगांना मोकळीक दिली असती, तर शिकारीला आयता आडोसा मिळाला असता.

आपल्याकडे वेळापत्रकही इतकं बांधलेलं नाही. उष्ण प्रदेशात दिवसाच्या लांबीत फरक कमी पडतो, त्यामुळे चितळांत वर्षाच्या कोणत्याही महिन्यात मखमलीतला, कडक शिंगांचा आणि बोडका, असे तिन्ही नर दिसू शकतात. तरी मध्य भारतात मार्च ते जून हा चितळांच्या माजाचा भर, त्यामुळे शिंगगळ जास्त करून पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर. सांबराचा माज हिवाळ्यात, शिंगं मार्चपासून पुढे उन्हाळ्यात गळतात. कान्हाच्या बाराशिंग्याचंही तसंच, डिसेंबर-जानेवारीत माज आणि उन्हाळ्यात शिंगगळ.

ताडोबात, पेंचला किंवा मेळघाटात फिरताना शिंग दिसलं तर उचलू नका. वाहनातून उतरायचं तर मुळीच नाही. फोटो घ्या, जागा लक्षात ठेवा, सोबतच्या गाइडला किंवा वनरक्षकाला सांगा. शेतात किंवा घराजवळ सापडलं आणि कोणी न कळत घरी आणलं असेल, तर कायद्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन विभागाच्या अधिकाऱ्याकडे कळवणं बंधनकारक आहे. आजोबांच्या काळापासून भिंतीवर टांगलेल्या शिंगांनाही मालकीचा दाखला लागतो. घरात तो नसेल, तर ती शिंगं कोणाला भेट देऊ नका, विकू नका, ऑनलाइन तर अजिबात टाकू नका. आधी वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा.